पंचवीस फूट सुमनकाकू

दत्तूतात्या दर महिन्याला माझ्या मेडिकलमधून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या नेतात आणि त्यातली एकही खात नाहीत.

"नारंगी चवीच्या नकोत, बिनचवीच्या द्या," असं वर बजावतात. आमच्या कळंबमध्ये औषध कडू लागतं म्हणून कुरकुरणारे पुष्कळ आहेत, पण चव आहे म्हणून परत करणारे तात्या एकटेच. मला वाटलं, मूतखड्यावरचा काही उपाय असेल. मग शेजारचा किराणावाला म्हणाला की तात्या त्याच्याकडून कॉफी आणि धुण्याचा सोडाही नेतात. तात्या तर जन्मभर चहा पिणारे. आम्ही दोघांनी बराच वेळ डोकं खाजवलं, पण या तिन्हींचा मिळून एक रोग काही जमेना.

शेवटी मी विचारलंच.

"पिच्चर धुतो," तात्या म्हणाले.

माझा गोंधळ तसूभरही कमी झाला नाही.

तात्या साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झाले. रसातली साखर तपासण्यात नोकरी गेली, आता चित्रं उमटावीत म्हणून कॉफी, सोडा आणि गोळ्यांच्या पाण्यात सिनेमाची रीळ बुडवतात. जुन्या घरगुती कॅमेऱ्याची, करंगळीच्या नखाएवढी रुंद. उजेड लागू नये म्हणून न्हाणीच्या दाराखिडकीला वाकळी ठोकल्या आहेत. धुतलेली रीळ अंगणातल्या तारेवर वाळत घालतात. एकदा शेजारच्या मावशींनी विचारलं, "तात्या, नाचणीच्या शेवया व्हय?"

"तसं न्हाय ते," तात्या म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं उत्तर आहे, आणि त्यापुढे ते कधीही काही सांगत नाहीत.

तीन वर्षं रिळीवर नुसत्या म्हशी. म्हैस रवंथ करते, म्हैस उठते, म्हैस बसते. "एवढ्या म्हशी कशाला हो?" मी वैतागून म्हणालो.

"सराव चाललाय," म्हणत त्यांनी कपाटातून एक गोल डबी काढली. "ही सुमनची. धुवायला पाठवायची ऱ्हायली आन ती गेली. आता पिच्चर धुणारं लॅबवालं म्हणत्यात, ह्या रिळीचं कामच बंद झालं."

"पण सुमनकाकूंचे फोटो आहेत की भिंतीवर."

"फोटोत ती गप बसल्याली हाय. हालताना एवढ्यातच हाय, पंचवीस फूट. एकदा चुकलं की गेली."



परवाच्या रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. आत मिट्ट काळोख, घड्याळ दिसायचं नाही. म्हणून मी न्हाणीबाहेर स्टुलावर बसून मिनिटं ओरडायची. एकूण पंधरा. मी जोरात सुरुवात केली. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी विचारलं, "कशाची मॅच हाय?" मी त्यांना "तसं नाही ते" म्हणालो, आणि मुख्य गोष्ट विसरलो.

"बारा!" मी ओरडलो.

"बारा मगाशीच झालं की!" आतून आवाज आला.

"मग... तेरा?"

घड्याळात पाहिलं, तर सुरुवात कधी केली तेच आठवेना. मला घाम फुटला. एका माणसाची बायको माझ्या बावळटपणापायी दुसऱ्यांदा जाणार, असं वाटलं.

"तुमी गप बसा आता," तात्या म्हणाले. "मी मोजतो."

बऱ्याच वेळाने ते ओली रीळ घेऊन बाहेर आले, उन्हात धरली आणि भिंग लावून पाहू लागले. माझा धीर सुटला. "तात्या, माझ्यामुळं बिघडली का?"

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. एकेका चौकटीत एक बाई विहिरीच्या काठावरून हसत वळत होती. पण चेहरा काळा आणि केस पांढरेशुभ्र. मग लक्षात आलं, ही उलटी प्रत, निगेटिव्ह. काळं ते पांढरं दिसणारच.

"मोबाईलवर लगेच सुलटं करून देतो," मी घाईघाईने म्हणालो.

"नगं. ऱ्हाऊ द्या." तात्यांनी भिंग परत घेतलं. "बत्तीसाव्या वर्षी गेली ती. तिचं केस पिकल्यालं मी कवा बघितलंच न्हाय."

डोळे पुसून त्यांनी पुन्हा भिंग लावलं.

"म्हातारपणी बी चांगली दिसती की," ते म्हणाले.