पानवेलीचं सलाईन

"पानवेल सुकली तर नाव बदलून टाकीन!" बायकोला जवळा बाजारच्या जीपमध्ये बसवताना सूर्यकांतरावांनी जाहीर केलं. रेवतीबाई भाच्याच्या लग्नाला तिथे माहेरी निघाल्या होत्या.

"गुलाबाच्या वेळी बी हेच म्हणले होते तुमी," त्या म्हणाल्या. "नाव तसंच हाय. गुलाब गेला!"

सूर्यकांतराव कृषी खात्यातून निवृत्त झालेले. ठिबक सिंचनावर त्यांनी गावोगाव भाषणं दिली होती. घरातली झाडं मात्र एकेक करून त्यांच्याच हातून वाळली होती. आता ही शेवटची वेलही गेली, तर गल्लीत 'कृषीवाले साहेब' म्हणून मिरवणं संपलं!

म्हणून त्यांनी मेडिकलमधून सलाईनची बाटली आणि नळी आणली. आतलं औषध ओतून टाकून साधं पाणी भरलं, बाटली खिडकीच्या गजाला टांगली आणि नळीचं टोक खिडकीतल्या वेलीच्या कुंडीत खुपसलं. थेंब थेंब पाणी, झाड खूश, आपण मोकळे! आणि खिडकीखालच्या पलंगावर चादर ओढून ते निवांत झोपले.

शेजारच्या गंगूताईंना दारातून दिसलं ते एवढंच: वर सलाईन, खाली सूर्यकांतराव!

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली मोसंब्या घेऊन हजर.

"काहून सांगितलं न्हाई भाऊ? कशी हाय तब्येत?"

"मला काय धाड भरली? सलाईन झाडाला लावलंय!"

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गंगूताई पदराआडून कुजबुजल्या, "मेंदूवर गेलंय."

मग कोणी वाद घातला नाही. "व्हय व्हय, झाडालाच."

"बघा तर खरं! कालपासून बाटलीतलं पाणी बोटभर बी उतरलं न्हाई. ह्याला म्हणतात बचत!"

"बराबर हाय भाऊ. तुमी पडा आता."

पण आलेल्याला चहा न पाजता सोडतील तर ते सूर्यकांतराव कसले! आलं ठेचून, मिरी घालून, आटेस्तोवर उकळलेला चहा. रंग डांबराचा, चव फवारणीच्या औषधाची! आजारी माणसानं उठून केलेला चहा नाकारायचा तरी कसा? यजमान बिस्किटं आणायला आत वळले, की फुंकून गार केलेला कप कुंडीत रिकामा. खात्यातले जुने सोबती, गोरेगावचे अमृतराव तर दोनदा भेटायला आले. दोन्ही कप वेलीनेच घेतले.

वेलीला कोवळी पानं फुटली. सूर्यकांतराव येईल त्याला ठिबकवर भाषण देऊ लागले. ते जितके रंगात येत, तितके गंगूताईंचे डोळे भरून येत. शेवटी त्यांनी जवळा बाजारला फोन लावला. "लग्न राहू द्या रेवतीताई! भाऊ झाडाचं गुणगान करून राहिले!"

हाताची मेंदी ओली असतानाच रेवतीबाई निघाल्या. सोबत भाऊ सोमेश्वर. घरात माणसांची ही गर्दी! गर्दीतून सूर्यकांतराव उठले आणि वेलीकडे बोट दाखवून गरजले, "बघ! काय म्हणलं होतं मी?"

"दाजी, तुमी तर ठणठणीत दिसता की!" सोमेश्वर म्हणाला.

रेवतीबाईंनी डोळे पुसले. बाटली पाहिली. गळ्यापर्यंत भरलेली. थेंब सोडायचं नळीवरचं चाक पाहिलं. गच्च बंद! मग वाकून त्यांनी कुंडी हुंगली. आल्याचा घमघमाट, मातीवर चहापत्तीचा थर.

"गंगूताई, हितं चहा कुणी ओतला?"

सगळी गल्ली एकदम चपला शोधू लागली.

सूर्यकांतराव ते चाक हळूच सैल करून मागे सरले. मग खाकरले. "अहो, बसा ना. चहा टाकतो."

"टाका," रेवतीबाई म्हणाल्या. "पण वेलीपुरताच!"