नुसतं बघू नकोस

शांतवन आढाव. आईवडिलांच्या खालोखाल माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्या माणसाचं हे नाव. ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी त्यांची टिंगल करतोय.

आढावकाकांच्या क्वार्टरची बेल वाजवली की दार उघडत नसे. आधी आतून घोषणा होई, "थांबा! पीपतोय!" मग दाराला बसवलेल्या भिंगामागे एक डोळा येई. मग दुसरी घोषणा, "ओळखलं! उघडतोय!" धोब्याला याची इतकी सवय झाली होती की बेल वाजवून तो स्वतःच ओरडे, "पीप लो बाबूजी, मैं हूं!"

काका मूळचे अहमदनगरचे. वडील मिशनच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर. काका तरुणपणी दिल्लीला आले, केंद्र सरकारच्या एका खात्यात लागले आणि रामकृष्णपुरमच्या दोन खोल्यांत एकटेच राहिले. लग्न का केलं नाही विचारलं की म्हणत, "राहून गेलं." मी परांड्याचा. वडील बाजार समितीत हमाल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. काकांच्याच खात्यात मला हंगामी कारकुनी मिळाली. राहायला जागा नव्हती, म्हणून काकांनी आपल्या व्हरांड्यात खाट टाकून दिली. मी भाड्याचं विचारलं.

"ते नंतर," काका म्हणाले. "आधी सांग, दिल्लीत काय बघितलंस?"

"कुतुबमिनार बघितला."

"कसा बघितलास?"

"डोळ्यांनी."

"डोळ्यांनीच रे यार! पण कसा?"

"बसमधून जाता जाता."

"मग बघितला नाहीस. ग्लिम्प्सलास! बसमधून कुतुबमिनार कुणी बघत नसतं, ग्लिम्प्सतं. 'बघितला' म्हणजे बिल्कुल ढोबळ!"

'बिल्कुल ढोबळ' ही काकांच्या शब्दकोशातली सगळ्यात मोठी शिवी. त्यांचं म्हणणं साधं होतं. मराठी माणूस चोराकडे बघतो, चंद्राकडे बघतो आणि साहेबाकडेही बघतो. इंग्रज मात्र चोराकडे ग्लेअर करतो, चंद्राकडे गेझ करतो आणि साहेबाकडे ग्लान्स टाकून मान खाली घालतो. माणूस कसा बघतो हे ज्याला सांगता आलं, त्याला इंग्रजी आलं. बाकीचं व्याकरण मागून चालत येतं.

मी एकदा धीर करून म्हणालो, "पण काका, मराठीत पण टक लावून, डोकावून, वळून असं म्हणतातच की."

"म्हणतात. पण त्याला दोन-दोन शब्द लागतात. इंटरव्ह्यूत तेवढा वेळ नसतो!"

हा इंटरव्ह्यू माझा होता. नोकरीत कायम होण्याच्या परीक्षेचा लेखी भाग मी घोकंपट्टीवर पार केला होता. आता इंग्रजीतून मुलाखत. वयाच्या अटीमुळे ही संधी शेवटची. हुकली तर हंगामी कारकुनीही संपणार होती, आणि परांड्याला जाऊन वडिलांच्या शेजारी पोती उचलायची होती. वडील तर गावभर सांगून बसले होते की पोरगा दिल्लीत साहेब झाला.

तेव्हा काकांनी माझी शिकवणी घेतली. पुस्तकावरून नाही. पुस्तकातला स्टेअर मेलेला असतो असं ते म्हणत. जिवंत स्टेअर करायला ते मला ऑफिसच्या वेळेच्या बसमध्ये घेऊन गेले.

"तो मिशीवाला दिसतो? त्याच्याकडे स्टेअर. पापणी हलवायची नाही. मी सांगेपर्यंत."

मी स्टेअरू लागलो. मिशीवाल्याने आधी खिडकीबाहेर बघितलं, मग स्वतःच्या शर्टाकडे, मग माझ्याकडे.

"क्या देख रहा है बे? मेरी शकल पे पिक्चर चल रही है?"

काका मध्ये आले. "भाईसाहब, ये देख नहीं रहा, स्टेअर कर रहा है. इंटरव्ह्यू है बच्चे का."

"इंटरव्ह्यू है?" मिशीवाल्याचा चेहरा एकदम बदलला. "तो पहले बोलना था ना! कर ले बेटा, आराम से कर." आणि त्याने फोटोला बसावं तशी मान माझ्याकडे करून दिली.

मग काय! सगळी बस माझ्या इंटरव्ह्यूला लागली. एका सरदारजींनी उठून मला जागा दिली. मागच्या बाईंनी विचारलं, "भाईसाब, मेरे हस्बैंड अखबार के ऊपर से देखते हैं, वो क्या हुआ?" काका म्हणाले, "पीअरिंग, बहनजी." कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून म्हणाला, "और मैं?" काकांनी त्याला नीट न्याहाळलं. "आप ग्लेअर करते हो. छुट्टे के लिए." सगळी बस हसली. आमचा स्टॉप केव्हाच मागे पडला होता.

रविवारचा वर्ग स्टेशनवर. दिल्लीत जेवढी म्हणून मराठी कुटुंबं काकांच्या ओळखीची होती, त्यांतलं कुणीही गावी निघालं की काका पोहोचवायला जात. सुट्ट्या लागल्या की त्यांना उसंत नसे. खिडकीतून पाण्याची सुरई देत, पोरांना बिस्किटं देत. आणि गाडी हलली की बाकीचे पोहोचवणारे हात हलवून जिन्याकडे पळत, पण काका हलत नसत.

"सी ऑफ म्हणजे ऑफ होईपर्यंत सी!" ते मला बजावत. "लोक ग्लान्स टाकून पळतात. सोडायला आलास ना? मग शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत डोळा काढायचा नाही. आतल्याने वळून बघितलं आणि आपण नसलो तर?"

हमाल त्यांना ओळखत. "बाबूजी, गाड़ी गई!"

"अभी दिख रही है!"

"बाबूजी, वो तो मालगाड़ी है, सामने से आ रही है!"

मग काका चष्मा पुसत आणि आम्ही चहा पीत असू.

इंटरव्ह्यूच्या दिवशी त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि कानात सांगितलं, "काही सुचलं नाही तर समोर जे दिसतंय ते बोल. पण ढोबळ बोलू नकोस."

आत तिघं होते. पहिलाच प्रश्न, स्वतःबद्दल सांगा. माझी पाटी कोरी. नावसुद्धा आठवेना. समोरचे साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. मला बसमधल्या बाईंचे यजमान आठवले आणि तोंडातून निघून गेलं, "सर, यू आर पीअरिंग ॲट मी."

आता परत फिरण्यात अर्थ नव्हता. मी पुढे म्हणालो की मॅडमनी दोनदा घड्याळाकडे ग्लान्स टाकलाय, अध्यक्षसाहेब केव्हापासून मला वॉच करतायत, आणि खरं सांगायचं तर मी स्वतः तुमच्या समोशांकडे गेझ करतोय, कारण सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

मॅडम आधी हसल्या. मग अध्यक्ष हसले. मग समोशाची बशी माझ्याकडे सरकली आणि पुढचा सगळा इंटरव्ह्यू "बरं, मग शिपाई कसा बघतो?" यावरच झाला.

मी पास झालो. ऑर्डर आली तेव्हा काकांनीच ती फोडली. पहिल्या ओळीलाच आरोळी ठोकली, "कायम! पर्मनंट!" शेजारपाजारी गोळा झाले, धोब्याने मला मिठी मारली. काका पुढे वाचत होते. वाचता वाचता थांबले.

"गुवाहाटी," ते म्हणाले. "अच्छा. चलो, चांगलं आहे. डोंगर असतील."

त्यानंतरचे दिवस ते इतके कमी बोलले की धोबी बेल वाजवून दारात ताटकळत राहिला. "आज पीपे नहीं, बाबूजी?" दार उघडंच होतं. काका माझी ट्रंक दोरीने बांधत होते.

स्टेशनवर त्यांनी मला सुरई दिली, बिस्किटं दिली, खिडकीशी जागा मिळाली की नाही ते तीनदा विचारलं. गाडी हलली तसा मी धावत दाराशी आलो. मला खात्री होती, दिल्लीतल्या कुणालाही मिळाली नसेल अशी नजर आज माझ्या वाट्याला येणार.

काकांनी पाठ फिरवली होती. प्लॅटफॉर्मवरच्या वजनाच्या यंत्रासमोर, त्याच्या लाल-पिवळ्या दिव्यांकडे तोंड करून ते उभे होते. हमाल त्यांना काही सांगत होता, गाडीकडे बोट दाखवत होता. काका वळले नाहीत. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मीच बघत राहिलो.

पोहोचल्यावर पहिलं पत्र मी त्यांना लिहिलं.

ती. आढावकाकांना साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोहोचलो. खोली मिळाली. डोंगर आहेत. ऑफिसातले साहेब ग्लेअर करतात, पण मनाने चांगले वाटतात. वडिलांनी पेढे वाटल्याचं पत्र इथल्या ऑफिसच्या पत्त्यावर माझ्याआधीच येऊन पडलं होतं. ते पेढे तुमचे आहेत.

काका, मी दारातून बघत होतो. तुम्ही वजनाच्या यंत्राकडे तोंड केलंत ते मला दिसलं. आधी वाईट वाटलं. मग गाडीत मी तुमचे सगळे शब्द एकेक करून म्हणून पाहिले. तुम्ही जे केलंत त्याला त्यातला एकही बसेना. अलाहाबाद गेल्यावर आई आठवली. मी दिल्लीला निघालो तेव्हा ती एसटी स्टँडवर आलीच नव्हती. चुलीपाशी बसून राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "मला बघवत नाही."

याला इंग्रजीत काय म्हणतात मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवू नका.

दिवाळीची रजा मी आत्ताच मागून ठेवली आहे. इतकी वर्षं तुम्ही स्टेशनवर फक्त जाणाऱ्या गाड्या बघितल्यात. या खेपेला येणारी बघायला या. मी दारातच उभा असेन. पाठ करू नका, आणि कसंही बघा, ढोबळ चालेल.

तुमचा,
दत्ता