दुखण्याचा प्रारंभ दिनांक

सेनगाव तालुक्यातील एका तांड्यावर राहणाऱ्या रूपाबाईंची कंबर दुखते, ही बाब २००१ सालापर्यंत शासनास ज्ञात नव्हती. रोजगार हमीवर खडी फोडण्याऐवजी मजुरांना पाणी देण्याचे हलके काम मिळावे म्हणून त्यांनी अर्ज केला, तेव्हा ती प्रथमच उघडकीस आली.

अर्जात 'दुखण्याचा प्रारंभ दिनांक' असा रकाना होता.

"काकी, कधीपासून दुखून राहिली?" कारकून धर्मसिंग यांनी विचारले. तेही तांड्याचेच, म्हणून काकी. खिडकीतून मिळणारी सवलत तेवढीच.

"जगन पोटात होता तवापासून, साहेब."

जगन बारा वर्षांचा निघाला. धर्मसिंगांनी पेन खाली ठेवले. सेनगावचा हिंगोली जिल्हा जुन्यातून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. म्हणजे दुखणे जिल्ह्यापेक्षा दहा वर्षांनी थोरले.

"हे जुन्या जिल्ह्याचं दुखणं हाय. तिकडून वर्ग करून आणा."

चार महिन्यांनी जुन्या जिल्ह्याने कळवले, की सदर कंबर आता आमच्या हद्दीत राहत नाही.

धर्मसिंगांनी माणुसकीने मार्ग काढला. "एक दिवस बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी इथं नव्यानं सुरू करा."

"बंद व्हत न्हाई ना ते."

"मग रोज किती तास दुखतं?"

"खडी फोडताना एक तास चार तासांबराबर. रात तर दोन रातींएवढी."

बेरीज एकतीस तास भरली. जादा सात तासांचा खुलासा मागवण्यात आला. रूपाबाईंनी जगनकडून लिहवून दिले: 'तुमचा तास माझ्याकडं आला की लांबतो.'

धर्मसिंगांच्या वरच्या साहेबांनी सात तास माफ केले. प्रारंभ दिनांक सर्वांच्या सोयीने १ मे १९९९ टाकला. त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आदेश तयार झाला. उरला फक्त अंगठा.

"बाकावर बसा. पुकारलं की दोन मिनिटांत यायचं, न्हाई तर अर्ज रद्द. नियम सगळ्यांना सारखा."

पुकारा झाला. रूपाबाईंनी बाकाची कड धरली.

"येऊन राहिले, साहेब."

एवढे वाचायला आपल्याला दोन मिनिटे लागली. रूपाबाई अजून उठतच आहेत. त्यांच्यामागचा क्रमांक आपला होता, आणि आपण त्यांच्या पायांना वळसा घालून वेळेत खिडकीशी पोचलो.