मधल्या जिन्यावरची पेशंट

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईंच्या गर्भाशयात गाठ वाढत होती. ही गोष्ट स्थानकात कोणालाच ठाऊक नव्हती, कारण घोषणा करण्याचं काम त्यांचं एकटीचंच होतं आणि ही घोषणा त्यांनी केली नव्हती.

स्थानकात सगळे त्यांना घोषणाताई म्हणत. काचेच्या केबिनमध्ये बसून कोणी कुठे उभं राहायचं ते त्या दिवसभर लोकांना सांगत. पाळी आली की खुर्चीवरून उठताना आधी मागे वळून बघावं लागे. पोट पुढे आलं होतं. त्याबद्दल वाहतूक नियंत्रकांनी एकदा त्यांचं अभिनंदनही केलं होतं. हल्ली त्यात उजव्या कुशीतल्या दुखण्याची भर पडली होती.

"बायकांचं काहीतरी असेल," यजमान म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्त करत. 'बायकांचं काहीतरी' हा त्यांच्या वैद्यकीय ज्ञानातला सर्वांत प्रशस्त कप्पा होता. त्यात डोकेदुखीपासून रागापर्यंत सगळं मावत असे.

शेवटी मोठ्या नणंदबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांचं लोकरीचं दुकान होतं आणि गुंता दिसला की त्यांना स्वस्थ बसवत नसे.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

"वन्सं, माझी ड्यूटी आहे."

"गाड्या तुझ्यावाचून चुकायच्या त्या तुझ्यासकटही चुकतात. चल."

इस्पितळात स्त्रीरोग विभाग तळमजल्यावर होता. डॉक्टरीणबाई प्रेमळ होत्या. सोनोग्राफीच्या पडद्याकडे बोट दाखवून त्यांनी सगळं नीट समजावलं.

"ही गाठ. साधी आहे, कॅन्सरची वाटत नाही. पण आहे छोट्या कलिंगडाएवढी. आणि हे बघा, तिचा दाब उजव्या मूत्रवाहिनीवर आलाय. मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी नळी ती. वाट अडली, म्हणून मूत्रपिंड फुगलंय."

"मग आता?" वन्संनी विचारलं.

"मूत्रपिंड आमच्याकडे येत नाही. तिसरा मजला."

"गाठ तर येते ना तुमच्याकडे?"

"गाठ येते. पण मूत्रपिंड फुगलेलं असताना मी हात कसा लावू? आधी त्यांनी ते बघितलं पाहिजे. तोवर दुखण्यावर या गोळ्या घ्या."

तिसऱ्या मजल्यावरचे मूत्रपिंडाचे डॉक्टर तर रिपोर्ट बघून खूशच झाले. "मूत्रपिंड मुळात उत्तम आहे! त्याचा बिचाऱ्याचा काही दोषच नाही. खालून दाब आहे. गाठ काढली की हे सुधारेल."

"मग काढा की."

"बाई, गाठ आमच्या मजल्यावर निघत नाही." मग त्यांची नजर गोळ्यांकडे गेली आणि चेहरा पडला. "या कोणी दिल्या? मूत्रपिंडाला घातक आहेत. ताबडतोब बंद!"

तळमजल्यावर गोळ्या बंद झाल्याचं ऐकून डॉक्टरीणबाई दुखावल्या. "मग पाळीत दुखणं कसं सोसणार या? चालू ठेवा."

दोन्ही मजल्यांवरचे संगणक एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे घोषणाताईंची नोंद दोन स्वतंत्र रुग्ण म्हणून झाली होती. खालची बाई गोळ्या घेत होती, वरची घेत नव्हती. दोघींच्याही अंगात रक्त कमी होतं. खालच्यांच्या मते ते मूत्रपिंडामुळे, वरच्यांच्या मते पाळीमुळे. घोषणाताई या दोन बायकांच्या मधे कुठेतरी राहत होत्या आणि तिथून कामावर जात होत्या.

"अहो डॉक्टर," वन्सं एकदा वैतागून म्हणाल्या, "सुया दोन असल्या तरी लोकर एकच असते ना?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "लोकर आमच्याकडे येत नाही."

तेव्हा वन्संनी थेट इस्पितळाचे प्रशासक गाठले. प्रशासक संवेदनशील होते. त्यांनी उभ्या उभ्या एक समिती नेमली: मूत्रवाहिनी सीमानिश्चिती समिती. तिच्यावर विधी सल्लागार होते, इमारतीचे वास्तुविशारद होते आणि दोन्ही विभागांचे लिपिक होते. डॉक्टर कामात असल्यामुळे त्यांना त्रास देण्यात आला नाही. रुग्णाला बोलावणं नव्हतं, कारण मूत्रवाहिनीत तिचे हितसंबंध गुंतलेले होते.

समितीचं काम सखोल चाललं. बाई उभी असताना नळी कोणत्या मजल्यावर धरावी आणि झोपल्यावर कोणत्या, यावर एक अख्खी बैठक खर्ची पडली. अखेर ठरलं ते असं: ओटीपोटाच्या कडेच्या वरची नळी तिसऱ्या मजल्याची, कडेखालची तळमजल्याची. प्रस्तुत प्रकरणात दाबाची जागा नेमकी कडेवरच येत असल्यामुळे तूर्त जैसे थे.

घोषणाताईंचं शरीर मात्र जैसे थे राहायला तयार नव्हतं. एका सकाळी त्या हुडहुडी भरूनच उठल्या. उलटी झाली. कुशीत कोणी पिळा मारल्यासारखं वाटत होतं.

"अहो, लघवीसुद्धा होत नाहीये नीट," त्या न्हाणीघराच्या दाराला धरून म्हणाल्या.

यजमानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि या खेपेला त्यांना कप्पा सापडला नाही. "हे... ते गर्भ..." त्यांचे कान लाल झाले. "गर्भाशयाचंच ना?" आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला होता. तापातही घोषणाताईंना त्यांचं कौतुक वाटलं.

तळमजल्यावरच्या परिचारिकेने थर्मामीटर पाहिला. "थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं... हे मूत्रपिंडाचं. वर जा."

लिफ्ट बंद होती. जिना चढून वन्संसकट तिघं वर गेली. "रक्तस्राव चालू आहे?" वरच्या परिचारिकेने विचारलं. "मग आधी खाली दाखवून या."

परत उतरताना पहिल्या मजल्यावर घोषणाताईंना पुढची पायरी उतरवेना. त्या पायरीवरच बसल्या. यजमानांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी खिशातून पाना काढला आणि ते लिफ्ट उघडायला लागले. जगात तेवढीच एक गोष्ट त्यांना दुरुस्त करता येत होती. वन्सं कोणाला तरी ओरडून बोलवायला धावल्या.

घोषणाताईंना पहिल्यांदाच खरी भीती वाटली. आपण या पायरीवर गेलो, तर मृत्यूची नोंद कोणत्या मजल्यावर होणार? दोघेही घेणार नाहीत. मग काय, उद्यापासून पुन्हा कामावर?

समोर चौकशीची खिडकी होती. खिडकीत कोणी नव्हतं. टेबलावर माईक होता.

कठड्याला धरून त्या उठल्या. माईक पुढे ओढला, घसा साफ केला आणि नेहमीच्या स्वच्छ, सपाट आवाजात म्हणाल्या, "कृपया इकडे लक्ष द्या. तळमजल्यावरच्या स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टरीणबाई आणि तिसऱ्या मजल्यावरचे मूत्रपिंडाचे डॉक्टर यांनी त्वरित पहिल्या मजल्याच्या जिन्यावर यावं. आपणा दोघांची एकच पेशंट तिथे थांबलेली आहे. यापुढे ती वरही जाणार नाही आणि खालीही जाणार नाही."

सगळ्या इस्पितळात ते घुमलं. बाकांवरच्या कित्येकांनी सवयीने पिशव्या उचलल्या आणि ते उभे राहिले.

डॉक्टरीणबाई धापा टाकत वर आल्या, डॉक्टर दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले. एकाच छपराखाली वर्षानुवर्षं काम करूनही दोघांची भेट झाली नव्हती. शेऱ्यांवरून तेवढी ओळख होती.

"म्हणजे 'आमच्या कक्षेत येत नाही' ते तुम्ही?"

"आणि 'कृपया परत पाठवू नये' त्या तुम्ही!"

दोघांना हसू आलं, आणि मग पायरीवर बसलेल्या बाईकडे बघून लगेच विरलं. डॉक्टरांनी नाडी धरली, डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. "अडलेल्या लघवीत जंतू झालेत," डॉक्टर म्हणाले. "मी आजच आत बारीक नळी घालून वाट मोकळी करतो. तुम्ही रक्त चढवायचं बघा."

"ताप उतरला की गाठ मी काढते. तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहाल?"

"राहीन की. त्यात काय!"

समितीला जे महिनोन्‌महिने जमलं नाही, ते तिथे लिफ्ट सुरू व्हायच्या आत ठरलं. आणि ठरलं तसंच झालं. घोषणाताई वाचल्या. गाठ गेली. उजवं मूत्रपिंड पूर्वीसारखं राहिलं नाही, पण राहिलं. थोडं आधी झालं असतं तर आणखी राहिलं असतं, हे दोन्ही डॉक्टरांनी प्रामाणिकपणे आणि एका सुरात सांगितलं.

इस्पितळानेही धडा घेतला. असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून पहिल्या मजल्यावर काचेचं दार बसवून 'जिना विभाग' थाटात सुरू करण्यात आला. तिथे प्रवेशासाठी दोन्ही मजल्यांची शिफारस लागते. सध्या तिथे गर्दी अजिबात नाही. प्रशासकांच्या मते हा विभागाच्या यशाचाच पुरावा आहे.

घोषणाताई घरी आल्यावर लोक भेटायला येऊ लागले. बैठकीच्या खोलीत यजमान सगळ्यांना सांगत, "काही नाही हो, मुतखडा होता."

मुतखडा सगळ्यांना पटत असे. मुतखडा सभ्य आहे. तो पुरुषांनाही होतो. ज्याला त्याला आपापला खडा आठवे आणि गप्पा रंगत.

एके दिवशी आतून, पलंगावरून, स्वच्छ आणि सपाट आवाज आला. "मुतखडा नव्हता. गर्भाशयात गाठ होती. तिने मूत्रपिंडाची वाट अडवली होती."

पुरुष मंडळी पंख्याकडे बघू लागली. यजमानांनी पाण्याचा तांब्या उगाचच हलवला. आणि एकेक करत बायका उठून आत गेल्या.

शेजारच्या काकूंनी हळूच दार लोटून घेतलं. "माझंही पोट असंच जड असतं गं," त्या कुजबुजल्या. "कुशीतही दुखतं. वर्ष होऊन गेलं."

"मग दाखवलंत का कुठे?"

"नाही बाई. घरी सांगायचं काय, हेच सुचत नाही."

वाचकहो, तुम्ही इथवर हसत आलात, बरं वाटलं. आता घरातलं कोणीतरी विचारेलच, एवढं काय वाचताय म्हणून. तेव्हा तुम्ही काय सांगणार, ते आम्हाला ठाऊक आहे. एका इस्पितळाची गंमत आहे, असंच सांगणार.