हसुशेठचं इंजिन आणि माझे कान

रविवारी सकाळी रेवदंड्याच्या नाक्यावरून एक पांढरी गाडी जाते. चालवणारे हसुशेठ, आणि शेजारी कानात डॉक्टरांची नळी घालून बसलेला जो इसम दिसतो, तो मी. हसू नका. मला अजिबात हसू येत नाही.

या नळीचं दुसरं टोक इंजिनाला आहे. तिथे तांब्याची नळी बोल्टाने आवळलीय, तिला रबरी नळी जोडलीय, आणि ती डॅशबोर्डखालून येऊन माझ्या दोन्ही कानांत शिरते. मी बँकेत कारकून. भजनी मंडळात पेटी वाजवतो, एवढाच माझा गुन्हा. ‘मास्तर, तुला सूर कळतो, मंग नॉक पन कळंल,’ असं म्हणून या माणसाने माझे रविवार जप्त केले. मला विचारलं कोणी? शेजारी पडलो ना, जातोय कुठे!

परवा मच्छी विकणारी अनसूयाबाय भर बाजारात ओरडली, ‘मास्तर, गाडीचा बीपी किती निघाला वो?’ अख्खा बाजार हसला. हसुशेठ तेवढे हसले नाहीत.

त्यांचे एके काळी तीन ट्रक होते. ते विकून, साठी उलटल्यावर, त्यांनी ही जुनी टर्बो गाडी घेतली आणि वर तिला आणखी मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा लोटणारा पंखा. हवा किती दाबाने लोटायची, तो बूस्ट. दाब फार झाला की पेट्रोल आपली पाळी यायच्या आधीच भडकतं आणि डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज येतो. तो नॉक. तिकडे लक्ष दिलं नाही तर पिस्टनला भोक पडतं. हे सगळं मला पाठ आहे. का पाठ असावं? मी कोण लागतो त्या इंजिनाचा?

‘हवा कोंबायची नसते रं, वाढायची असते,’ हे त्यांचं पालुपद. काशीदला येणारी पोरं मोबाईलवरून बूस्ट वाढवतात हे कळल्यापासून तर ते पेटूनच उठलेत. ‘इंजिन बोंबलतंय आन् हे गानी लावून बसलेत! ऐकाया नको?’ पंपावर बोटावर पेट्रोलचा थेंब घेऊन वास घेतात आणि तिथल्या माणसाला विचारतात, ‘तू घालशील हे तुझ्या गाडीत?’ मागे हॉर्न वाजतात. तोंड कुठे लपवायचं हा प्रश्न मला पडतो, त्यांना नाही.

‘शेठ, तुम्हीच का नाही ऐकत?’ मी एकदा वैतागून विचारलं. उत्तर तयार: ‘चालवनाऱ्यानं रस्ता बघायचा. ऐकनारा येगळा पायजे.’

एका रविवारी मी ‘वाजलं!’ म्हणालो. त्यांनी गाडी थांबवून बॉनेट उघडलं, तर सापडला एक सैल झालेला पत्रा. झालं! टपरीवर चार लोकांत म्हणाले, ‘मास्तरचा कान गेला.’ माझा कान! सव्वीस वर्षं पेटी वाजवतोय मी! असा संताप आला म्हणता. ठरवलं, आता आपण गप्प. वाजू दे. यांना कान आहेत ना?

पुढच्या रविवारी साळावचा पूल ओलांडून आम्ही काशीदच्या अलीकडच्या चढाला लागलो. ऊन तापलेलं, आणि शेठनी बूस्ट थोडा वाढवलेला. नळीत पुलापासूनच सुरू झालं होतं, टिण्, टिण्. मी खिडकीबाहेर समुद्र बघत बसलो.

‘काय, मास्तर?’

‘काही नाही.’

त्यांनी समाधानाने मान हलवून पाय आणखी दाबला. आता मी नळी काढून मांडीवर ठेवली तरी ऐकू येत होतं. शेठ मात्र मजेत. ‘पाय काढा!’ मी ओरडलो. इंजिनाच्या गोंगाटात शेठ ढिम्म! दंडाला धरून हलवलं, तेव्हा पाय निघाला.

गाडी कडेला लागली. ‘कवापासून?’ त्यांनी विचारलं.

‘पुलापासून,’ मी म्हणालो आणि शिव्यांची वाट बघत बसलो. शिव्या आल्या नाहीत.

‘मना न्हाय ऐकाया येत, मास्तर. जाड आवाज येतो, बारीक न्हाय. दोन वर्सं झाली. ट्रकनी खाल्ले कान.’

‘मग सांगायचं नाही का?’ मी चिडलोच. ‘मी रागाने गप्प बसलो होतो! इंजिन फुटलं असतं ना आता!’ स्वतःचाही राग येत होता, तो कोणावर काढणार?

‘सांगितलं तर घरचे चावी काढून घेतील.’ त्यांनी वाकून बूस्टचं बटण मागे फिरवलं, अगदी अडेपर्यंत. मग खिशातून मोबाईल काढला. ‘एक काम हाय. नात नागपुरावरून बोलून पाठवते. मी नुस्ता अंगठा पाठवतो. काय बोलते सांग.’

मी फोन कानाला लावला. सहा-सात वर्षांची असेल. ‘आजोबा, मी इतकं विचारते, तुम्ही बोलतच नाही. तुम्ही माझ्यावर रागावलात का?’

खाली शेठचा अंगठा.

मी त्यांना सांगितलं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून.

‘मंग मी काय बोललो?’

‘हो म्हणालात.’

शेठनी माझा दंड धरला. ‘लाव,’ म्हणाले, ‘आत्ताच्या आत्ता लाव तिला.’ मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि भर रस्त्यात ओरडायला लागले, ‘न्हाय गो बाय! न्हाय रागावलो! न्हाय गो!’

पलीकडे अजून रिंगच वाजत होती.