गल्ली गप्प

"आबा, मी जातो आता," असं सून स्वप्नाली म्हणाली आणि गणपतरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

तीस वर्षं कोल्हापुरात सिटी बस चालवलेला हा माणूस. ऐन विसर्जन मिरवणुकीतून बस मागं काढतानाही ते कधी डगमगले नव्हते. पण चटईवर बसलेल्या नऊ वर्षांच्या नातीकडं बघून आज ते घाबरले होते. क्रांतीला ऑटिझम होता. ती बोलत नसे, हाक मारली तर वळेलच असं नव्हतं. तिचं सगळं तिची आई करायची. आजोबा लांबूनच खाऊ ठेवायचे आणि काही चुकायच्या आत बाजूला व्हायचे.

मुलगा अमरसिंह पुण्याला. लेकीसाठी सुटलेली शाळेतली नोकरी सुनेला आज परत मिळत होती, नऊ ते एक. "आज निभलं तर पुढं जातो. न्हाय निभलं तर तो विषय संपला, आबा," असं तिनं सांगूनच ठेवलं होतं. निघताना ती क्रांतीबद्दल बरंच काही सांगत होती. सासरे मान हलवत होते. भीतीनं त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

सून गेली. क्रांतीनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा भिंतीकडं, आणि पुढंमागं डुलायला लागली. गणपतरावांनी घाईघाईनं समोरच्या चिमणाबाईंना बोलावलं. त्यांचा नातू राजवीर, त्यालाही ऑटिझमच होता. गल्लीत या विषयावर चिमणाबाईंचा शब्द शेवटचा.

"आवाज चालत न्हाय," उंबऱ्यातूनच त्या म्हणाल्या. "कुकरची शिट्टी झाली की आमचं पोरगं कान दाबून पलंगाखाली जातंय. हात लावायचा न्हाय. उजेड कमी करायचा."

"पण ह्या पोरीचंबी तसंच असतंय व्हय?"

"नाव एकच हाय न्हवं? मग औषधबी एकच."

गणपतरावांना आधार वाटला. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. बाहेर भंगारवाल्याचा भोंगा वाजला तसे ते धावत गेले आणि त्याच्या पाया पडायचे तेवढे बाकी राहिले. ते तालमीच्या, म्हणजे गल्लीच्या तरुण मंडळाच्या, पोरांनी बघितलं. तालमीचा सेक्रेटरी विश्वजित पुढं आला.

"काय झालं, आबा?"

"नातीला आवाज सोसत न्हाय रे. दुपारी एक वाजेपातूर गल्ली जरा शांत ठेवता का?"

कोल्हापूरच्या तालमीला नुसतं काम सांगावं, त्याचा सोहळा ती आपण करते. दहा मिनिटांत गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधले गेले. गाड्या ढकलत न्यायच्या, असा हुकूम निघाला. धुणं आपटायला बंदी आली. गणपतरावांच्या भिंतीला भिंत लागून श्रीपाल यांची पिठाची गिरण होती. ती रोज दहाला सुरू व्हायची.

"आज बंद ठेवायची, श्रीपालशेठ," विश्वजित म्हणाला.

"दळाण लई साठलंय की."

"पोरीपेक्षा दळाण मोठं हाय काय?"

श्रीपालनी पुढचं शटर ओढून कुलूप घातलं आणि ते कट्ट्यावर जाऊन बसले. गल्ली गप्प झाली. जिथं चहा मागायचा तरी भांडल्यासारखा मागतात, तिथं माणसं एकमेकांच्या कानात बोलायला लागली.

आत मात्र क्रांतीचं डुलणं वाढलं. दहा वाजून गेले तशी ती भिंतीला पाठ लावून बसली, उठली, परत बसली. मग भिंतीवर डोकं घासायला लागली. गणपतरावांना तिला धरावंसं वाटत होतं, पण हात लावायचा नाही हा नियम. ते अंधारात मोरीच्या दाराशी उभं राहून देवाला हाका मारत होते, त्याही मनातल्या मनात. पाणी आणायला आत गेले, बाहेर आले, तर चटई मोकळी. परसदार उघडं.

पंचगंगेचा घाट तिथून चालत पाच मिनिटांवर.

"पोरगी न्हाय," ते बाहेर येऊन म्हणाले.

तालीम कामाला लागली, पण नियम पाळून. दहा-बारा दांडगी पोरं पायांतली चप्पल हातात घेऊन, चवड्यावर चालत, कुजबुजत हिंडायला लागली. "क्रांती... ए क्रांती..." जणू मांजर चोरायला निघाली होती.

"सापडली तर काय करायचं?" एकानं विश्वजितच्या कानात विचारलं.

"हात लावायचा न्हाय."

"मग आणायची कशी?"

विश्वजितनं विचार केला. "बघत उभं ऱ्हायचं."

दोघं घाटाकडं पळाले. गल्लीला दोर, बायका पदर तोंडाला लावून, पुरुष गप्प, आणि दारात डोकं धरून बसलेले गणपतराव. पलीकडच्या गल्लीतल्यांनी हे बघून आपला अर्थ लावला. चार म्हातारे टोपी सारखी करत येऊन शेजारी बसले. एकानं हळूच विचारलं, "कधी न्यायचं ठरलंय?"

"कुणाला?"

ते म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. तोवर घरात मयत झाल्याची बातमी फोनवरून कळंब्याला पोचलीच होती. गणपतरावांची बहीण बायडाबाई रिक्षातून उतरली आणि दोरापासूनच तिनं गळा काढला. "माझ्या दादा रं, मला सोडून कसा गेलास रं..."

"अगं, मी हितं बसलोय की," दादा म्हणाले.

बायडाबाईंनी भावाला बघितलं आणि रडणं अर्ध्यात तोडलं. "मग मला रिक्षा करून कशाला आणलासा?"

कुणी हसलं नाही. घाटाकडून पोरं परत आली होती आणि त्यांनी नुसती मान हलवली होती. गणपतरावांच्या डोळ्यांपुढं ते हिरवट पाणी आलं. स्वप्नालीला काय सांगायचं? नऊ वर्षं जपलेली पोर एका सकाळीत घालवली म्हणून सांगायचं? त्यांनी सगळे नियम सोडून छाती फोडून हाक मारली. "क्रांती..." चार गल्ल्यांत ती ऐकू गेली.

ओ आली नाही. पण हाक विरल्यावर एक बारीक आवाज आला. थप. थप. थप. पत्र्यावर कुणीतरी तळहात मारत होतं.

"गिरणीत," श्रीपाल कट्ट्यावरून उठले. "मागचं दार उघडंच ऱ्हायलं माझं."

शटर वर गेलं. क्रांती गिरणीला टेकून बसली होती, केसांपासून पायांपर्यंत पीठ, आणि गिरणीच्या पत्र्यावर तळहात आपटत होती. गणपतराव गुडघ्यावर आले. जवळ घ्यायला हात पुढं केले आणि नियम आठवून तिथंच थांबवले. क्रांतीनं त्यातला एक हात धरला, ओढला आणि गिरणीवर ठेवला. मग त्यांच्याकडं बघितलं.

"चालू कर म्हणतीया," श्रीपाल म्हणाले.

"खुळे झालासा काय?" चिमणाबाई ओरडल्या. "आवाजानं पोरगी हाय खाईल."

सगळी गल्ली गणपतरावांकडं बघत होती. बिघडलं तर आता सगळं त्यांच्याच माथी.

"दाबा बटण," ते म्हणाले.

गिरण धडधडली. रोज दहाला थरथरते तशी मधली भिंत थरथरली, डबे थरथरले. क्रांतीनं डोळे मिटले, पाठ गिरणीला लावली आणि आजोबांचा हात स्वतःभोवती घट्ट, अगदी घट्ट गुंडाळून घेतला. तिचं डुलणं थांबलं. त्याच क्षणी समोरच्या घरातून राजवीरची किंकाळी आली आणि चिमणाबाई पदर खोचून तिकडं पळाल्या. श्रीपालनी कुणी सांगायची वाट न बघता शटर खाली ओढलं, म्हणजे बाहेर आवाज कमी जाईल. आत तिघं पिठात.

एक वाजून गेल्यावर स्वप्नाली आली. गणपतराव खोटं बोलणार होते, पण मिशीला पीठ होतं. त्यांनी सगळं सांगितलं, घाटासकट. ती ऐकता ऐकता खुर्चीवर बसली.

"झालं तर मग," ती म्हणाली. "उद्या न्हाय जात मी."

क्रांती उठली. तिनं दारात काढलेल्या आईच्या चपला उचलल्या, उंबऱ्याबाहेर नेल्या आणि रस्त्याकडं तोंड करून नीट जोडून ठेवल्या. मग येऊन आजोबांच्या कडेला बसली.

स्वप्नालीला हसावं की रडावं कळेना. "मलाच कामाला घालवालीया व्हय," ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. "जातो बाई. जातो."

गणपतरावांना शेवटच्या स्टॉपवर रिकाम्या झालेल्या बससारखं हलकं वाटलं. ते तसेच श्रीपालकडं गेले. "उद्याबी दहाला, शेठ. आमी दोघं येतोय."

"उद्या लाईट न्हाय की, आबा. तारांचं काम हाय. सांजच्या पाच वाजेपातूर."

गणपतराव मागं फिरले. घरी परत येऊन सुनेसमोर पाटावर बसले.

"पोरी, गिरण सोडून हिला आणि काय काय आवडतंय? पयल्यापासनं सांग. हळू सांग."

"नऊ वर्सांत आज इचारलासा, आबा," असं म्हणून स्वप्नालीनं चहाचं आधण उतरवलं आणि सांगायला बसली.