पिवळ्या चिठ्ठ्यांचं इंग्रजी

"परदेशी विभागाची खुर्ची या वेळी माझीच!" मुकादमाने जेवता जेवता जाहीर करून टाकलं. "मग मोठं घर घेऊ! बाबांना स्वतंत्र खोली, तुला ऐसपैस स्वयंपाकघर! फक्त इंग्रजीला जरा पॉलिश मारायचं राहिलंय."

"आधी ताटातलं संपवा," बायको म्हणाली.

मुकादम म्हणजे सामान हलवणाऱ्या कंपनीतल्या हमालांचा मुख्य. कोणी घर बदललं की याची टोळी जायची आणि खिळ्यापासून कपाटापर्यंत सगळं बांधून ट्रकमध्ये चढवायची. कामात माणूस एक नंबर! इंग्रजीही अगदीच वाईट नव्हतं. "कम सर, सिट सर, ट्रक कमिंग सर" एवढ्या भांडवलावर त्याने कितीतरी परदेशी साहेबांची घरं हलवली होती. पण आता मुलाखत घ्यायला मुख्य कचेरीतून मोठ्या बाई येणार होत्या. त्यांच्यापुढे 'बिग' आणि 'गुड' असले किरकोळ शब्द काढायचे म्हणजे लेंगा घालून मुलाखतीला जाण्यासारखंच की! शब्द कसे भारदस्त हवेत. ऐकणाऱ्याने दचकून सरळ बसलं पाहिजे.

त्यासाठी त्याने युक्ती काढली. ज्या वस्तूला जो शब्द शोभेल तो तिच्यावरच चिकटवायचा! कंपनीच्या पिवळ्या चिठ्ठ्या खिशात असायच्याच. लोखंडी कपाटावर लागलं 'कपेशस', म्हणजे ऐसपैस. डगमगत्या टेबलावर 'प्रिकेरियस', म्हणजे कधी कोसळेल नेम नाही असं. शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेणाऱ्या कुकरवर 'व्होसिफरस'. बायकोच्या आरशावर 'रेडियंट', म्हणजे तेजस्वी, हे कळल्यावर तिने बाकीच्या चिठ्ठ्यांबद्दल कुरकुर करणं बंद केलं.

राहिले बाबा. बाबांची आरामखुर्ची मोडकळीला आली होती, पण ती टाकायचं नाव काढलं की म्हातारा उपोषणाची धमकी द्यायचा. मुकादमाने खुर्चीच्या पाठीवर चिठ्ठी लावली, 'ऑब्स्टिनेट'.

"म्हणजे काय रे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे... मानाचा!" मुकादमाने ठोकून दिलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून बाबा जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले, "आमचा मुलगा मला ऑब्स्टिनेट म्हणतो!"

मुलाखतीचा दिवस उजाडला. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य नेमकं त्याच दिवशी घर सोडणार होते आणि ते काम मुकादमाच्याच टोळीकडे होतं. टोळीचा म्होरक्या काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. मुकादमाने त्याला सकाळीच बजावलं, "माझ्याच बिल्डिंगमध्ये जायचंय. घरचं काम समजा! नाव घालवू नका. आणि नियम काय?"

"पिवळी चिठ्ठी दिसली की उचला! चिठ्ठी नाही तर हात नाही! वर काय लिहिलंय ते वाचत बसायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही!" सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. न्यायच्या वस्तूंना ग्राहकाने चिठ्ठ्या लावायच्या आणि टोळीने निमूट उचलायच्या, ही शिस्त मुकादमानेच घालून दिली होती. त्याला तिचा कोण अभिमान!

कंपनीच्या कचेरीत मुलाखत तर अशी रंगली म्हणता! बाई विचारायच्या साध्या शब्दांत आणि मुकादम उत्तर द्यायचा तोफेने. शब्द हवा असला की तो मनातल्या मनात आपल्या घरात शिरायचा. कपाटापाशी जायचा, 'कपेशस' उचलायचा. टेबलापाशी जायचा, 'प्रिकेरियस' उचलायचा. बाईंच्या भुवया वर वर चालल्या होत्या. कौतुकाने की काळजीने, ते मुकादमाला कळलं नाही, पण गडी भलताच खुशीत होता. आता स्वयंपाकघरात शिरून कुकर उचलणार, तोच खिशातला फोन थरथरला. मग पुन्हा. मग पुन्हा.

"घ्या ना, काही तातडीचं असेल," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

"अहो!" पलीकडून बायकोचा टाहो. ती दवाखान्यात नर्स, सकाळची पाळी संपवून नुकतीच घरी पोचली होती. "अहो, घरात काही नाही! पलंग नाही, कपाट नाही, माझा आरसा नाही! बाबासुद्धा नाहीत!"

"चोरी झाली?"

"चोर कधी केर काढून जातात का? फरशी लख्ख आहे! आणि वरचे डॉक्टर मघापासून ट्रकची वाट बघत खोक्यांवर बसलेत!"

मुकादमाच्या पायाखालची जमीन सरकली. सामान काढलं की केर काढायचा, हेही त्यानेच शिकवलं होतं!

"काय झालं?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

मुकादम मनातल्या मनात घरात शिरला. घर रिकामं! कपाट नाही, कुकर नाही, शब्द ठेवायला साधं टेबलसुद्धा नाही. इतक्या महिन्यांचं इंग्रजी सामानासकट ट्रकमधून गेलं होतं!

"मॅडम," तो कसाबसा बोलला, "माय हाउस गो. फादर गो."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "ओह! आय ॲम सो सॉरी!" शिपाई पाणी घेऊन धावला. हिशेबनीसांनी येऊन पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "धीर धरा. वय झालंच होतं त्यांचं."

"नो, नो! फादर इन ट्रक!"

"ट्रकमध्ये?" हिशेबनीस हादरले. "अहो, गाडी तरी चांगली बोलवायची!"

"मराठीत सांगा हो!" बाई शेवटी शुद्ध मराठीत ओरडल्या. मुकादमाने सांगितलं, आणि सांगून होतंय तोवर खाली अंगणात हॉर्न वाजला. सगळे खाली धावले. पैलवानाने ट्रक आणून उभा केला होता.

"साहेब, गपचूप घर बदलताय होय! नवा पत्ता द्यायचा विसरलात!"

मागचं दार उघडलं. सामान अगदी मापात बसवलेलं, आणि मधोमध पट्ट्याने बांधलेल्या आरामखुर्चीत बाबा पेपर वाचत बसलेले!

"बाबा, तुम्ही यांना अडवलं नाहीत?"

"का अडवू? मोठं घर घेणार असं तूच म्हणाला होतास! मीच एकेक चिठ्ठी दाखवत होतो. हे मला रिक्षाने पाठवणार होते. म्हटलं, खुर्चीला चिठ्ठी आहे, मी उठणार नाही!"

बाई ट्रकमध्ये चढल्या. आरशाला ओरखडा नाही. कपबशा कापसात. पैलवानाला म्हणाल्या, "असं काम कोणी शिकवलं तुम्हाला?" पैलवानाने मुकादमाकडे बोट दाखवलं. मग बाबा खुर्चीसकट खाली उतरले आणि ऐटीत म्हणाले, "नमस्कार. मी ऑब्स्टिनेट! म्हणजे मानाचा."

मुकादमाने बाबांच्या पाठीमागून बाईंना हात जोडले. उपयोग झाला नाही.

"मानाचा?" बाई म्हणाल्या. "अहो, हट्टी!"

बाबांनी हातातल्या पेपरची घडी घातली.

"मी तुझ्या घरी येत नाही," बाबा म्हणाले.

मुकादमाने घाईघाईने खिशातून नवी चिठ्ठी काढली, 'मॅग्नॅनिमस' असं लिहिलं आणि जुनी फाडून तिथे चिकटवली. "बाबा, चुकलो! हे बघा, मोठ्या मनाचा!"

"तुझ्यावर भरवसा नाही. बाईंना विचार."

"बरोबर आहे," बाई हसू दाबत म्हणाल्या. "आणि मुकादम, जागा तुमची. अट एकच. फोन आल्यावर बोललात तसं साधं ग्राहकाशी बोलायचं. आधीचं मला एक अक्षर कळलं नाही!"

मुकादमाला हसावं की रडावं कळेना! त्याने बाईंचे आभार मानले, हिशेबनीसांना मिठी मारली, शिपायालासुद्धा मारली, आणि बाबांच्या पाया पडायला मागे वळला.

मागे खुर्ची नव्हती.

परगावी जाणारा दुसरा ट्रक फाटकाबाहेर पडत होता. ताजी पिवळी चिठ्ठी बघून कोणीतरी नियमाप्रमाणे उचलून ठेवली होती. प्रश्न न विचारता! मागच्या फळीवरून बाबा मोठ्या मनाने सगळ्यांना हात हलवत होते.

परदेशी विभागाचे नवे साहेब चप्पल हातात घेऊन ट्रकमागे धावत सुटले. त्या वेळी त्यांना साधं 'स्टॉप'सुद्धा आठवलं नाही.